पालथे दिवस

मान खाली. दहा दिवस.
डॉक्टरीण म्हणाली, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलाय,
तो वर जाणार, म्हणून तुम्ही खाली बघायचं.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
नजर कायम पुढच्या वळणावर.
आता बशीपलीकडे काही नाही.

टेबलाच्या पायाला च्युइंगम सापडला,
लाउरीचा. तो आता स्वतः बाप आहे.

तैस्तो शेजारून चारदा येतो थेंब घालायला.
अंगठ्याला डांबराचा वास, होडी रंगवतोय.
पहिला थेंब कानात, दुसरा उशीवर,
तिसरा, नशिबात असेल तर, डोळ्यात.
तेवढं अर्धं मिनिट मला छत मिळतं
आणि तैस्तोच्या नाकातले पांढरे केस.

सोमवारी त्याचे बूट लोकरीचे होते,
गुरुवारी रबरी, घोट्यापर्यंत चिखल.
असा कळला मला वसंत.

त्याचा दंड धरून दुकानापर्यंत गेले.
तिथे वही असते: तोर्निओ नदीचं बर्फ कधी फुटणार,
तारीख, वेळ, दोन युरो.
हिल्यानं माझ्या नावापुढे लिहिलं, सहा मे, पहाटे चार.
परतताना सगळा रस्ता माना वर करून
हंस आले का बघत होता,
आणि गटाराच्या कडेला, खडीतून,
चिमटीएवढं पिवळं, ते मलाच दिसलं आधी.
पान नाही, नुसतं फूल. पानं मागून येतात.
आमच्याकडे त्याला विधवेचं पान म्हणतात.
मी बारा वर्षांची विधवा,
म्हटलं, हे काही माझ्यासारखं दिसत नाही.
तैस्तो म्हणाला, दिसतं थोडं.

मग मान वर.
डोळ्यात पाण्याची रेघ: वर तारा, छपरं,
बर्चच्या जांभळट काड्या,
खाली नुसतं डचमळणारं काळपट.
चालले की हिंदकळे, थांबले की थांबे.
रेघ रोज थोडी उतरायची.

बर्फ फुटलं पाच तारखेला, संध्याकाळी सहाला.
ताटांनी भरलेलं कपाट कुणी जिन्यावरून ढकलावं तसं.
गाव धावलं. मी सावकाश गेले, डोळा सांभाळत.
दहा तासांनी हरले.

पुढे बुडबुडा वाटाण्याएवढा, मग मोहरीएवढा.
एका सकाळी कॉफी ओतताना बघितलं, नव्हताच.
चुकल्याचुकल्यासारखं झालं दिवसभर.
तैस्तो तरी आला, चार वाजता.
थेंब संपलेत, मी म्हणाले.
माहीत आहे, म्हणाला, आणि बूट काढले.