बारसं

घरी सांगितलं, बडोद्याला बारसं आहे,
सुनेत्राच्या मावसबहिणीच्या लेकीचं.
सासूबाईंनी झबलं दिलं, वर एकशे एक रुपये.

बारसं नव्हतंच.
आम्हा दोघी जावांना फक्त
एक रात्र दुसऱ्या गावी झोपायचं होतं.

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये
ममीच्या काचेपाशी सुनेत्रा कुजबुजली,
"हिला कोणी पहाटे पाचला उठवत नाही."
मी फिस्सकन हसले.
"हळू, बेन," पहारेकरी म्हणाला,
मग आमचं बोलणं ऐकून मराठीवर आला,
"देवमासा पाहिलात का? चला की."

केवढा!
कुणी होडी बांधायला घ्यावी
आणि मध्येच जेवायला उठून जावं, तशा फासळ्या.
महीच्या मुखाशी वाहून आलेला.
"मादी होती का हो?"
"ते कुठं लिहिलेलं नाही."
सुनेत्रा कठडा धरून उभी, ओठ हलत होते.
मोजत असावी.

रात्री स्टेशनजवळचं लॉज.
सेवउसळीनं पोळलेली जीभ, खडखडणारा पंखा,
सकाळी कुणाचाच डबा नाही.
अंधारात ती म्हणाली,
"नाव विचारतील गं."
झबलं तिच्या उशाशी होतं, न सांगता काढलेलं.
"मही," मी म्हटलं.

सात वर्षं झाली.
सासूबाई अजून मधूनच विचारतात,
"मही काय म्हणते? वाढली असेल आता."
सुनेत्रा पोळी उलटते.
"खूप," म्हणते,
"घरात मावत नाही."