काही नाही

लहू पासलकरांनी रिपोर्ट उघडला
आणि धायरीत गल्लीभर पेढे वाटले.
"काही नाही आलं," म्हणाले, "एकदम स्वच्छ."
खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं काडतुसं मोजलेला माणूस
आकड्याच्या जागी कोरी चौकट बघून
सुटलो म्हणाला.

कोरी होती, कारण नळी फुटली होती.
वडगाव पुलाच्या अलीकडे, गतिरोधकावर,
इम्तियाज बागवानच्या स्कूटरवरच्या बर्फाच्या पेटीत.
त्यानं फोन करून कळवलंही होतं.
पण कळवलेलं ठेवायला
माझ्या प्रोग्रॅममध्ये जागा नव्हती.

तीन खुणा होत्या फक्त:
घेतला का, पोचला का, तपासला का.
प्रत्येकीला हो किंवा नाही.
दोन गुणिले दोन गुणिले दोन.
आठ खोल्या बांधल्या मी, राहण्याजोग्या चारच.
उरलेल्यांत, न घेतलेलं पण तपासलेलं रक्त.
हसू नका, ऑक्टोबरात तिथे दोघं सापडले,
एक तर कात्रजहून.
आणि फुटलेल्या नळीला
आठांतली एकही नाही.
कागदोपत्री ती अकरा दिवस वाटेतच होती.

जिथे आकडा नाही तिथे मी नल लिहिलं होतं.
नल म्हणजे अजून नाही.
नल म्हणजे आता होणार नाही.
नल म्हणजे झालंय, पण विचारू नका.
आमच्याकडे आईही ह्या सगळ्याला एकच शब्द वापरते.
काय झालं गं? काही नाही.
तिचं मला आवाजावरून कळतं.
ब्राउझरला आवाज नसतो.

शनिवारी बाणेरच्या ऑफिसात, एसी बंद,
खुणा पुसल्या. गुणाकार मोडून बेरीज मांडली.
नमुना म्हणजे
घ्यायचा आहे,
किंवा वाटेत आहे, कोणाकडे आणि कधीपासून,
किंवा बिघडला, आणि का,
किंवा तपासला, आणि हा आकडा.
एका वेळी एकच काहीतरी.
प्रत्येक 'किंवा'च्या पोटात त्याचं त्याचं 'आणि'.
आकडा आता बाहेरून हात घालून काढता येत नाही.
आधी विचारावं लागतं, तू कोण?

जावास्क्रिप्टला ह्याचं काही नाही.
एक फांदी विसरा, ती हूं की चूं करणार नाही,
पुढे निघून जाईल
आणि रात्री दोनला कोणाच्या तरी मोबाईलवर
'अनडिफाइन्ड' छापेल.
म्हणून दारात एक छोटं फंक्शन बसवलं:
चारही उत्तरं दाखव, मग आत सोडतो.
'इतर' नावाची फांदी तोडली.
पासलकर तिच्यातच बसून होते इतके दिवस.

सोमवारी इम्तियाजला दाखवलं.
त्यानं काचेवर बोट ठेवलं.
"मॅडम, आणि दार उघडलंच नाही तर?"
मी पाचवी फांदी लिहिली
आणि एकोणीस जागी पहारा ओरडला.
एकोणीस जागी!
चुका सापडल्याचा इतका आनंद
मला शाळेत कधी झाला नव्हता.

फोन मीच केला.
"काका, काही नाही म्हणजे काही नाही असं नाही."
पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या.
"मग काय आहे?"
"माहीत नाही अजून. नळी फुटली. रक्त परत द्यावं लागेल."
बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले,
"तसं लिहायचं ना मग. वाचता येतं आम्हाला."

दुसरी नळी गुरुवारी धड पोचली.
आकडा आला. तो मी पाहिला नाही,
तो त्यांच्या फांदीच्या पोटात आहे.

घरी आई म्हणाली, चेहरा का असा, काय झालं?
सवयीचे दोन शब्द ओठांवर आले होते.
चपलेचा बंद सोडता सोडता म्हटलं,
थांब, सांगते.
कुठलं ते आधी बघू दे.