चाळीस सेकंद

गुरुवार. अकरा वाजून सात मिनिटं.
निपाणीच्या शाखेत बाजारची गर्दी,
सोनेतारणाच्या खिडकीपुढची रांग
पायरीपर्यंत उतरलेली.
आणि मी टिळकवाडीत, पतसंस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर
पडद्यावर एक शेजारी हरवताना पाहतेय.

तवंदीच्या घाटात रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीनं
काचेचा तो केस तोडला असणार.
पण आमच्या बाजूचा पोर्ट म्हणतो, मी जिवंत.
मधला डबा हिरवा दिवा लावून खोटं बोलतो,
उंबऱ्यावर कंदील ठेवून
घरातलं माणूस निघून जावं तसा.

राउटरला फक्त हाक कळते.
दर दहा सेकंदांनी, मी आहे.
मी आहे.
एक हाक चुकली, चालतं. दोन. तीन.
चाळीस सेकंद वाट बघायची,
मग शेजारी गेला असं मानायचं.
माणसांसाठी हा आकडा कुणी ठरवून दिलेला नाही.

मग बोभाटा. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला:
संकेश्वरपलीकडची वाट तुटली.
हुक्केरी ऐकते, चिकोडी ऐकते, गोकाक, रायबाग;
जो तो स्वतःला मुळाशी धरून
आख्ख्या मुलखाचं झाड नव्यानं मांडतो.
चहाचा घोट गिळायच्या आत मांडून होतं.

तरी रांग हलत नाही.

निपाणीहून फोन, “मॅडम, गोल गोल फिरतंय नुस्तं.”
चिकोडीहून फोन, “एनात्री मेडम? इल्ली लाइट हत्तैत्री.”
दिवा तिथंही पेटलेलाच.
शेजारी सगळे जुळलेले. गणित बरोबर.
पुन्हा मोजायला लावते, पुन्हा तेच उत्तर.
मग विचारते, निपाणीला जातोस कुठून?
तो सांगतो: गोकाकवरनं.

हुक्केरी-चिकोडीची रेडिओची रुंद वाट सोडून
निपाणीचा सगळा व्यवहार
गोकाक-रायबागच्या दोन एमबीच्या बोळात
भरल्या गाडीसारखा अडकलेला.

एकेक ओळ वाचत खाली उतरते.
हुक्केरीच्या पोर्टखाली सापडते किंमत:
पासष्ट हजार पाचशे पस्तीस.
याहून मोठा आकडा तिथं मावतच नाही.
वाट आहे, पण कुणी जाऊ नये अशी.
ना टीप, ना तारीख.

कल्लाप्पा मुचंडीकरांना फोन लावते.
निवृत्त झाले, आता उचगावात, रताळ्याच्या वेलांत.
“कवाचं गं ते? हां, हां.
त्या वर्षी वाऱ्यानं टावर हलूलालता.
एका रात्रीपुरतं घातल्यालो मी.
सकाळी काढूया म्हटलो. ऱ्हायलंच मा!”
आणि टॉवर?
“नवा घालून सहा वर्षं झाली की.”

सहा वर्षं राउटरनं काही विचारलं नाही.
त्याला वारा माहीत नाही, सकाळ माहीत नाही.
आकडा लिहिलेला होता, त्यानं पाळला.

मी वीस लिहिते. एंटर.
पुन्हा बोभाटा, पुन्हा झाड,
आणि निपाणीहून एकच शब्द, “सुटलं.”
मागून कुणाच्या तरी बांगड्या
ट्रेमध्ये पडल्याचा आवाज.

तवंदीत काच जोडायला रात्र होईल म्हणतात. होऊ दे.

सात वाजता स्कूटर काढते.
तिसऱ्या फाटकाच्या पुलावर चढल्यावर आठवतं,
दुसरं फाटक कधीच उघडलंय.
कुठल्याशा वर्षी रूळ बदलत होते
म्हणून हा वळसा घ्यायला लागले होते मी.
तिथल्या शिंपीणबाईंकडे माझे दोन ब्लाउज आहेत,
एक मोरपंखी, दुसऱ्याचा रंग विसरले.

पुलावर मधेच वळता येत नाही.