विरुद्ध

फाउंड्रीची दुसरी पाळी सुटते साडेअकराला.
शिरोलीवरनं गंगावेशीत येईपर्यंत
केसातली काळी वाळू वाऱ्यानं निम्मी जाते,
निम्मी उशीला.
पण घरी आधी जात नाही.
आधी तालमीसमोरचा फलक.

मेळ्याला अजून महिना आहे
आणि दस्तगीर पेंटर रोज एकच ओळ लिहितो.
एकदम सांगितलं तर लोक एकदाच भांडतील,
रोज सांगितलं तर रोज,
असं खजिनदाराचं म्हणणं.
फलकाखालची चहाची टपरी त्याचीच.

सोमवारी ओव्या आल्या, धनगरांचा संच.
हिंदुराव म्हणाला, ढोल उघड्यावर ऐकावा,
छताखाली घेतला की तो वरातीतला होतो.
मंगळवारी हलगी, घुमकं, कैताळ.
कुणी तोंड उघडलं नाही.
हलगीवर वाद घालायचा तर
दुसऱ्या गावात जन्म घ्यावा लागेल.
बुधवारी पुण्याचा कुठला तरी बँड,
संबळ आणि गिटार एकाच ओळीत.
बाळगोंडानं धारोष्ण दुधाचा पेला
न पिता कट्ट्यावर ठेवला.
'संबळाला काय कमी पडत होतं?'
एवढंच विचारलं त्यानं,
आणि आम्ही दीड वाजेपर्यंत उभे.
म्हशीसुद्धा बसल्या.

गुरुवारची ओळ अशी:
भेदिक शाहिरी. तुऱ्याकडून गणपा बाचणीकर
विरुद्ध

आणि पुढं नुसता फलक.

रंग संपला काय रे, दस्तगीर?
'चिठ्ठीत होतं तेवढं उतरवलं.'

शुक्रवार गेला, शनिवार गेला.
खाली नव्या ओळी आल्या, चौंडकं आलं, सुंदरी आली,
कुणी वर मान करून वाचल्या नाहीत.
सगळ्यांची नजर त्या एका शब्दावर
आणि त्याच्या उजव्या बाजूला.

कारण कलगीचे विठू अण्णा पौषात गेले.
एकतीस वर्षं दोघं समोरासमोर,
एक म्हणे शिव थोर, दुसरा म्हणे शक्ती,
पहाटे एकाच रिक्षातनं परत.
पंचगंगेच्या घाटावर गणपा आला होता,
डोक्याला फेटा, हातात डफ नाही.
चितेकडं बघून सवाल टाकला:
'ऐकणारा उठून गेला,
गाणं आता कुणाच्या दारी?'
आणि नेहमीसारखा
उत्तरासाठी थांबला.
बराच वेळ.

आता जो तो उत्तर घेऊन येतो.
हिंदुरावाचं उत्तर पुराणातलं, बाळगोंडाचं शेतातलं,
एका मास्तरांनी तर वहीत लिहून आणलं.
भडंगवाली शेवंताबाई म्हणाली,
'बाप्यांनो, त्येनं तुम्हाला इचारलंय काय?'
मी गाडीवर, हायवेच्या अंधारात,
ट्रकांच्या मध्ये मोठ्यानं म्हणून बघितलं.
माझं उत्तर उचगावच्या पुलापर्यंत चांगलं वाटलं.

बुधवारी रात्री शिडी दिसली.
दस्तगीर वर, तोंडात विडी, हातात लाल.
खाली चाळीस माणसं, आणि हलगी नसून
हलगीच्या आधीची शांतता.
त् चा अर्धा, ऋकाराचं शेपूट,
मग प, त, वेलांटी.

तृप्ती डवरी, आजरा.

'कोण ही?'
'विठू अण्णांची कोण?'
'कोण नव्हं.'
'आमच्या मेव्हण्यानं ऐकलीय गारगोटीत. लहान हाय.'
'लहान म्हंजे?'
'मागनं डफ वाजवायची म्हणे अण्णांच्या.'
'मग ती झील झाली, शाहीर कशी?'
'गणपा येईल का तिच्यासमोर?'
'न येऊन करतोय काय, भावा?'
'पोरगी रात्रभर टिकंल?'
'आणि गणपा टिकंल?'

टपरीवर दुसरं आधण चढलं.
खजिनदार हसू दाबत कप विसळत होता.
मी गर्दीतनं पुढं झालो,
उगाच बोट लावलं त्या वेलांटीला.
ओली होती.

'लावा, लावा हात,' दस्तगीर वरनं ओरडला,
'पुसलीस तर तुझंच नाव लिहितो.'

घरी साबणानं घासलं, रॉकेलनं घासलं.
दुसऱ्या दिवशी साच्यात वाळू भरताना
नखाशी तांबडी रेघ,
आणि डोक्यात तोच सवाल, तिच्या आवाजात,
जो आवाज मी अजून ऐकलेला नाही.