बाकी पुढे ओढली

मी दाजीसाहेब पुणतांबेकरांचा रोकड्या.
एकोणीस वर्षं,
परदेशीपुऱ्यातल्या रिळांच्या कारखान्यात,
जिथे हळदूच्या लाकडाचा पिवळा भुसा
चहात असायचा, टोपीत असायचा,
रोजकीर्दीचं पान उलटलं की मांडीवर सांडायचा.

लोक आता उद्योगपती म्हणतात.
मी पाहिलेत ते लेथवर वाकलेले,
धोतराचा सोगा कमरेला खोचून
फिरत्या रिळाला कान लावलेले:
"हे कण्हतंय, रामदुलारे. उतरव."
साऱ्या इंदूरच्या गिरण्यांचं सूत त्यांच्या लाकडावर चढायचं
आणि सदऱ्याचं तुटलेलं बटण
ते आठ-आठ दिवस खिशात घेऊन फिरायचे.

व्यापारी मंडळाचे अध्यक्ष झाले, पेढे वाटले.
दुसऱ्या दिवशी चष्मा कपाळावर चढवून विचारलं,
"पेढे कुठल्या खात्यावर टाकलेस?
कारखान्याच्या? खोड ते. माझ्या नावे लिही."

त्या साली शहरात दोन झेंडे होते.
एक माझ्या टेबलासमोर सोमवारी बसायचा,
दुसरा गुरुवारी.
दाजीसाहेबांनी दोघांना एक्कावन्न-एक्कावन्न दिले
आणि पावती मागितली.
पावती!
चंद्याची पावती मागणारा माणूस
त्या साली कुणालाच आपला वाटेना.

मग संप.
मग संपाविरुद्ध मोर्चा.
मालवा मिलच्या चौकात सोड्याच्या बाटल्या.
एका रात्री या झेंड्याची नऊ पोरं
डोकी फुटलेली, भिंतीवरून आत उतरली,
चौथ्या रात्री त्या झेंड्याची.
दोन्ही वेळा फाटकाची कडी त्यांनी स्वतः घातली,
दोन्ही वेळा दुधात हळद घालायला मला लावलं.
मी म्हटलं, दाजीसाहेब, एक बाजू धरा आता.
म्हणाले, "एका टोकाला धरलेलं रीळ फिरतं का रे?"
आणि लगेच,
"उद्या लवकर ये. विजेचं बिल भरायचंय."

मंगळवार.
सियागंजात पितळी पत्र्याचा भाव विचारून
आम्ही खान नदीच्या पुलावर आलो,
ते पुढे, मी दोन पावलं मागे, काखेत वही.
एका सायकलवर दोघे.
मागच्याने हाक मारली, "दाजीसाहेब!"
ते थांबले.
हाकेला थांबायची सवय होती त्यांना.

आवाज फटाक्याएवढाही नव्हता.
खिशातून बटण निघून घरंगळलं,
ते मी उचललं. आधी ते उचललं.

सायकल चालवणाऱ्याच्या नखांत पिवळा भुसा होता.
दर शनिवारी त्या हातावर
मी पगार मोजून ठेवत असे.
फौजदाराने विचारलं, चेहरे?
मी म्हणालो, अंधार होता.
ज्येष्ठातले सव्वापाच वाजले होते.

तिरडीवर दोन्ही झेंडे आले.
वर कुठला, खाली कुठला, यावरून
धक्काबुक्की झाली. शेवटी एकाने आवाज चढवला,
"अरे भिया, ऊन किती आहे, उचला आता."

तेराव्या दिवशी मनूताईंनी मला बोलावलं.
वाटलं, विचारणार. तयारी करून गेलो होतो.
त्यांनी विचारलं,
"पितळेचा भाव काय सांगितला होता त्यांना?"
आणि दुसऱ्या सकाळी
त्या फाटकाशी उभ्या होत्या, किल्ल्या घेऊन.
प्लास्टिकची रिळं येईपर्यंत
सहा वर्षं त्यांनी भोंगा चुकू दिला नाही.

आता तिथे कोचिंग क्लास आहे.
रस्त्याला नाव दिलंय, पुनतांबेकर मार्ग.
ण चा न झालाय.
दोन्ही झेंडे पुण्यतिथीला हार घालतात,
वेळा वाटून घेतल्यात.

त्या दिवसाची कीर्द माझ्याकडे आहे.
टांग्याचे चौदा आणे. पितळी पत्रा, नुसती चौकशी.
जमा आणि नावे पैशाला पैसा जुळतात.
खाली माझ्याच अक्षरात, बाकी पुढे ओढली.
पुढच्या पानावर सगळ्यात वर
तोच आकडा पुन्हा लिहायचा असतो.

बटण डबीत आहे.
दोन भोकांचं, शिंपल्याचं.
दोरा अजून त्यात अडकलाय.