पंधरा किलो सहाशे

तेकलेचं वजन पंधरा किलो सहाशे.
आमच्या कामात सगळं तिथून सुरू होतं,
नाव नंतर.

सकाळचे साडेसात. त्बिलिसीवर धुकं,
नदी दिसत नाही, तिच्या कडेची वाहतूक तेवढी ऐकू येते.
तोर्निके दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. लांब बोटं, कुरतडलेली नखं.
"काही खाल्लंय का हिनं?" मी विचारते.
"रात्रीपासून काही नाही," आई म्हणते.
आजी खिशावर हात ठेवते.
मी त्या हाताकडे बघत राहते, जरा जास्तच वेळ,
तेव्हा आजी बाहेर काढते
द्राक्षरसात बुडवून वाळवलेली अक्रोडांची माळ.
"नंतरसाठी आहे. तिला सांगितलंय, नंतर."
मी दोन्ही टोकं तपासते. दातांची खूण नाही.

मास्कला वास असतो. मुलांना आम्ही सांगतो, स्ट्रॉबेरी.
"खोटं," तेकले म्हणाली, "हा स्केचपेनचा वास आहे."
आणि खोल श्वास घेतला,
खोटं पकडल्यावर माणूस जरा निवांत होतो, तसा.
पाय एकदा झाडले. डोळे वर गेले.
"आई," तिच्या आईनं हाक मारली तिला.
आमच्यात आई लेकीलाच आई म्हणते.
नर्सनं तिला दाराबाहेर नेलं,
हातात मुलीचा एकच बूट.

टॉन्सिल्स. ओतारला वीस मिनिटं पुरतात.
तो गुणगुणतो, मी ठोके ऐकते.

शिकवणं म्हणजे काय, मला विचाराल तर
हात पाठीमागे घेऊन उभं राहणं.

तोर्निकेनं नळी काढली
आणि गळ्याचं दार आतून लागलं.
छाती ओढतेय, हवा जात नाही.
आवाज नाही. रडणारं मूल परवडतं.
मॉनिटरचा सूर मात्र
प्रत्येक ठोक्याला एकेक पायरी उतरत गेला;
ज्याला गाणं कळत नाही
त्यालाही तो उतार कळतो.
चौऱ्याण्णव. अठ्ठ्याऐंशी.
तोर्निकेनं माझ्याकडे पाहिलं.
मी तेकलेच्या ओठांकडे पाहत होते.
"कानाच्या पाळीमागे खळगा आहे," मी म्हणाले,
जेवताना मीठ मागावं अशा आवाजात.
"तिथं दाब. जबडा पुढे. मास्क घट्ट."
एक्याऐंशी.
त्याची बोटं चुकली, पुन्हा शोधू लागली.
माझ्या पाठीमागे माझे हात.
चौऱ्याहत्तर.

मग चिरकं, कोवळ्या कोंबड्यासारखं काहीतरी
तिच्या घशातून आरवलं,
आणि सूर चढू लागला,
दमलेला माणूस जिना चढतो तसा, थांबत थांबत.

"काही झालं का?" ओतारनं हातमोजे काढत विचारलं.
"नाही," मी म्हणाले. "कागद भर, तोर्निके."

दुपारी वॉर्डात आजी तिच्या उशाशी बसून
जुनं गाणं म्हणत होती, आजारपणाला म्हणायचं.
आजार हा पाहुणा; त्याला दुखवू नये,
गोड बोलून दारापर्यंत पोचवावा.
मला बघून थांबली.
"तू काय केलंस गं?"
"मी झोपवलं हिला."
"झोपवायला काय लागतं? मीही झोपवते.
उठवलं कुणी?"
मी तोर्निकेकडे बोट दाखवलं.
आजीनं माळेचा लांबडा तुकडा तोडून
त्याच्या हातात ठेवला. मला नाही.
तेकले घोगऱ्या आवाजात विचारत होती,
"कधी सुरू करणार?"

संध्याकाळी मागच्या पायऱ्यांवर
तोर्निकेची सिगरेट तीन काड्या झाल्या तरी पेटेना.
"तुम्ही कुठवर थांबला असतात?"
मी एक आकडा सांगितला. त्यानं मान हलवली,
आयुष्यभर लक्षात ठेवेल असा.

त्याला सांगितलं नाही ते एवढंच:
पाठीमागच्या उजव्या मुठीत सिरिंज होती,
पंधरा किलो सहाशेच्या हिशेबानं भरलेली,
टोपण काढलेली,
नळी निघण्याच्याही आधीपासून.
ती मी नंतर डब्यात टाकली, कुणी बघत नसताना.
अंगठ्यावर तिच्या दट्ट्याचा गोल वळ
अजून आहे.