खाच

पहाटे साडेचार. मेनच्या आखातात धुकं इतकं
की आपलीच बोय हाताला लागेपर्यंत दिसत नाही.
व्हर्ना इंजिन मंदावते, मी दोर ओढतो.
पिंजऱ्यात आठ शेवंडी.

पितळी पट्टी डोळ्याच्या खोबणीला टेकवायची.
ही लहान, पाण्यात.
ही फार थोराड, हीही पाण्यात.
पहिल्या आठवड्यात मला वाटायचं,
ही बाई धंदा करते की दानधर्म?

आठवी उलटी केली, तर पोटाखाली गाभोळी,
भिजल्या मोहरीसारखी गच्च.
खाच पाडायला सुरी काढली
आणि थांबलो.
शेपटीच्या पात्यावर खाच होतीच आधी,
कडा बुजत आलेल्या.

"कुणाची गं ही?"
"असेल कुणाची. एल्डनची असेल.
गुडघे गेले, बोट विकली त्यानं."

गाभोळी खरवडून काढता येते, ब्रशनं.
भाव तिला तोंडपाठ, मलाही.
धुक्यात बघणारं कुणी नव्हतं.

मी जुन्या खाचेवरूनच सुरी फिरवली,
पुढच्याच्या बोटाला लागेल इतकी,
आणि वाकून, दोन्ही हातांनी
तिला पाण्यात सोडली.

व्हर्ना म्हणाली, "आमिष भर.
दुपारी वारा सुटणार आहे."